राजाचं बिऱ्हाड, हवालदाराचं घर

कोकणातल्या वर्तमानपत्रांत निधनवार्तांची भाषा ठरलेली असते. गेलेला माणूस शिक्षक असेल तर विद्यार्थिप्रिय, व्यापारी असेल तर सचोटीचा आणि पोलीस असेल तर 'कर्तव्यदक्ष व कुटुंबवत्सल'. बाकीच्यांचं सोडा, पण पोलिसाच्या बाबतीत या दोन गुणांना एका ओळीत नांदवणारा बातमीदार धाडसीच म्हणायला हवा. कर्तव्य किती दक्षतेने केलं ते सेवापुस्तकात तारीखवार लिहिलेलं असतं. वत्सलतेची नोंद ठेवणारी व्यक्ती एकच, आणि तिला त्या निधनवार्तेत 'पश्चात पत्नी, मुलगे, सुना, नातवंडे' या रांगेत उभी करून ठेवलेली असते.

निवृत्तीच्या समारंभाला मात्र तिला आवर्जून बोलावतात. शाल देतात, नारळ देतात. साहेब म्हणतात, "यांच्या कामगिरीत वहिनींचा वाटा फार मोठा आहे." वहिनी हसतात. लागोपाठच्या दिवाळ्यांना रजा नामंजूर करणारी सही कोणाची होती, हे त्यांना तोंडपाठ असतं. पण हातात नारळ असताना माणसाला फारसं बोलता येत नाही.

कर्तव्य आणि कुटुंब ही दोन्ही एकाच खाकी सदऱ्यात बसतात का, हे तपासायचं तर रत्नागिरीसारखं दुसरं गाव नाही. कारण इथे सरकारने एके काळी कुटुंब सांभाळणं हीच पोलिसाची ड्युटी ठरवून दिली होती. फरक एवढाच, की ते कुटुंब पोलिसाचं नव्हतं. ते ब्रह्मदेशाच्या राजाचं होतं.

नोव्हेंबर १८८५ मध्ये जेमतेम पंधरवड्याच्या लढाईत इंग्रजांनी मंडाले घेतलं. थिबा राजा तेव्हा सव्वीस वर्षांचा. त्याला उचललं, रंगूनला नेलं, तिथून मद्रासला, आणि एप्रिल १८८६ मध्ये रत्नागिरीला आणून ठेवलं. रत्नागिरीच का? रेल्वे नाही, पावसाळा लागला की बोटी बंद, आणि मध्ये सह्याद्री. आलेल्या माणसाला सहज परत जाता येऊ नये, एवढ्या एकाच निकषावर हे गाव पहिल्या नंबराने पास झालं. कोकण रेल्वे पूर्ण व्हायला पुढे १९९८ साल उजाडलं, म्हणजे इंग्रजांचा अंदाज शंभर वर्षांहून अधिक टिकला. महामार्गाच्या बाबतीत तो आजही बऱ्यापैकी टिकून आहे.

राजा एकटा आला नव्हता. बरोबर थोरली राणी सुपायालात, तिचीच सख्खी बहीण असलेली धाकटी राणी, तीन मुली आणि दासदासी. मुलींमधली तिसरी तर मद्रासच्या मुक्कामात जन्मलेली, म्हणजे रत्नागिरीला आली तेव्हा काही आठवड्यांची. या सगळ्या खटल्यावर देखरेखीसाठी पोलीस अधिकारी आणि पहारेकरी नेमले गेले. कैदी सांभाळायचा म्हणून जे हुरूपाने आले असतील, त्यांच्या पुढ्यात तान्ह्या मुलीसकट एक भरलं घर आलं.

आता पोलिसी शिक्षणात कैदी पळून संख्या कशी घटते, याचा विचार असतो. वाढली तर काय करायचं, याचा नसतो. १८८७ मध्ये राजाला चौथी मुलगी झाली, तीही रत्नागिरीत. कैदेत जन्मलेल्या या छोट्या राजकन्येवर गुन्हा कोणता, हे कुठल्याही हुकुमात लिहिलेलं नव्हतं. पहारा मात्र लागू झाला.

त्या बिऱ्हाडात तीस वर्षं जे चाललं, ते वाचताना तुरुंगाची आठवण क्वचित येते, मध्यमवर्गीय घराची फार येते. तनखा पुरत नाही. भाड्याच्या बंगल्यांत जागा पुरत नाही. राजा हात सैल सोडणारा. मंडालेहून आणलेले दागिने आणि माणकं हळूहळू गावातल्या सावकारांकडे पोचू लागली. कर्ज झालं, ते सरकारपर्यंत गेलं, सरकारने खर्चात लक्ष घातलं आणि राजाने त्याविरुद्ध अर्ज केले. अर्ज गव्हर्नरला, अर्ज व्हाइसरॉयला. रत्नागिरीहून मुंबईला, मुंबईहून कलकत्त्याला, आणि उत्तरं त्याच वाटेने उलटी. एका माणसाच्या महिन्याच्या खर्चाचा वाद सोडवायला अख्खं साम्राज्य कामाला लागलं होतं. इतर घरांत तो स्वयंपाकघरात दहा मिनिटांत सुटतो किंवा जन्मभर सुटत नाही, पण कागद तरी वाचतो.

एक तक्रार तर अस्सल ठाण्यातली. 'नगा मौक' नावाचं एक प्रसिद्ध माणिक. मंडाले पडलं तेव्हा ते कर्नल स्लेडनकडे सांभाळायला दिलं होतं आणि ते परत मिळालं नाही, असं थिबाचं म्हणणं. मुद्देमाल दिला, पावती घेतली नाही. पुढे तो मागत राहिला, ते सापडलं नाही. रत्नागिरीच्या कुठल्याही हवालदाराने त्याला पहिल्याच दिवशी सांगितलं असतं, की राजेसाहेब, दोन पंच घ्यायला हवे होते.

मग मुली मोठ्या झाल्या. घरात चार उपवर मुली असल्या म्हणजे बापाची काय अवस्था होते ते सांगायला नको. इथे बाप कैदेत आणि जावई राजघराण्यातलाच हवा. ब्रह्मदेशात उरलेल्या राजघराण्यातून तोलामोलाची स्थळं सापडेनात, सापडली ती पसंत पडेनात. वरसंशोधनाचा हा पत्रव्यवहारही सरकारी फायलींत जाऊन बसला. साम्राज्यावर सूर्य मावळत नाही म्हणून सांगणाऱ्या सरकारला चार मुली उजवताना घाम फुटला, यात आश्चर्य नाही. कोकणात हे काम मध्यस्थ करतात. पोलिसांनी करायचं ते नंतरचं.

आणि अखेर जे व्हायचं ते पहारा असताना झालं. थोरली राजकन्या आणि राजाच्या बिऱ्हाडाचा दरवान गोपाळ भाऊराव सावंत यांची मनं जुळली. १९०६ च्या सुमारास त्यांना मुलगी झाली. ब्रह्मदेशातून कोणी हितचिंतक येऊन राजाला पळवेल, बंडाचं पत्र येईल, समुद्रातून गलबत येईल, अशा सगळ्या शक्यतांवर सरकारची नजर होती. फाटक उघडणाऱ्या माणसाकडे कोणाचं लक्ष जाणार? पोलीस खात्यालाच कशाला दोष द्यायचा. घरोघरच्या आईबापांची नजरही नेमकी अशीच लांबवर लागलेली असते.

पुढे सगळं कुटुंब ब्रह्मदेशात परत गेल्यावर ही राजकन्या मुलीला घेऊन पुन्हा रत्नागिरीत आली, सावंतांच्या आधाराने राहिली आणि १९४७ मध्ये इथेच गरिबीत वारली. तिची मुलगी टूटू रत्नागिरीचीच झाली. ही हकीकत हसण्यावारी नेण्यासारखी नाही आणि रत्नागिरीकर ती नेतही नाहीत.

नवा राजवाडा मिळाला तो १९१० मध्ये, येऊन चोवीस वर्षं झाल्यावर. लाखाहून जास्त खर्च झाला, जागा मोक्याची, वरून भाट्याची खाडी आणि समुद्र दिसतो. सरकारी घराच्या मागणीला चोवीस वर्षं लागली हे ऐकून आजच्या पोलीस वसाहतीतला माणूस हळहळणार नाही. तो फक्त विचारेल, "मिळालं ना पण?"

याच वर्षांत नियतीने एक बदली फार विचित्र केली. मंडालेचा राजा रत्नागिरीत पहाऱ्यात होता, आणि रत्नागिरीत जन्मलेले लोकमान्य टिळक १९०८ ते १९१४ मंडालेच्या तुरुंगात. त्याआधी दिल्लीचा बादशहा बहादूरशहा जफर रंगूनला पाठवला होता, तो तिथेच १८६२ मध्ये वारला. 'आपल्या जिल्ह्यात नेमणूक देऊ नये' हा पोलीस अधिकाऱ्यांच्या बदल्यांतला जुना दंडक इंग्रज कैद्यांनाही लावत असावेत. खुद्द रत्नागिरीवर त्यांचा विश्वास इतका, की पुढे सावरकरांना सोडल्यावर १९२४ ते १९३७ स्थानबद्ध ठेवलं तेही याच जिल्ह्यात. म्हणजे राजा गेला तरी रत्नागिरीच्या पोलिसांच्या मागचं दुसऱ्याच्या घराकडे डोळा ठेवून बसायचं काम काही सुटलं नाही.

थिबा डिसेंबर १९१६ मध्ये वारला. सत्तावन्न वर्षांचं आयुष्य, त्यातली तीस वर्षं रत्नागिरीत. दुसऱ्या मुलीने आईचा विरोध पत्करून १९१७ मध्ये आपल्या पसंतीने लग्न केलं. १९१९ मध्ये राणी आणि मुली परत गेल्या. तेव्हा रत्नागिरीच्या पोलिसांनी सुटकेचा श्वास टाकला असेल. तो अकाली होता. डिसेंबर २०१२ मध्ये ब्रह्मदेशाचे, म्हणजे आताच्या म्यानमारचे राष्ट्राध्यक्ष थेन सेन थिबाच्या समाधीच्या दर्शनाला रत्नागिरीत आले आणि गावात पुन्हा बंदोबस्त लागला. राजा जाऊन शहाण्णव वर्षं झाली होती. एवढी लांबलेली ड्युटी महाराष्ट्र पोलिसांत दुसऱ्या कुठल्या जिल्ह्याच्या वाट्याला आली असेल असं वाटत नाही.

या तीस वर्षांत पहाऱ्यावरच्या शिपायांची स्वतःची घरं कशी चालली, त्यांच्या मुलींची लग्नं कोणी जमवली, याचं संशोधन कोणी केल्याचं ऐकिवात नाही. राजाच्या खर्चाच्या फायली जपून ठेवल्या गेल्या. शिपायाच्या घरचा खर्च त्याच्या बायकोने कुठे लिहून ठेवला असेल तर तो चुलीजवळच्या भिंतीवर कोळशाने, आणि ती भिंत शिमग्याआधी सारवली गेली.

आजच्या रत्नागिरीत राजा नाही, पण प्रत्येक घरात वर्षातून एकदा देव राहायला येतो, आणि पोलिसाची खरी कसोटी तेव्हा लागते. गणपतीच्या आधी मुंबईहून चाकरमानी निघतात. कशेडी, भोस्ते, परशुराम हे घाट ओलांडत, खड्डे मोजत, लाखोंनी माणसं कोकणात उतरतात. त्याच्या कितीतरी दिवस आधी पोलीस ठाण्यात आदेश येतो: सर्व प्रकारच्या रजा बंद. मग महामार्गावर मांडव पडतात, चहा ठेवला जातो, 'कोकणात आपले स्वागत आहे' असा फलक लागतो आणि त्याखाली एक ओलाचिंब हवालदार उभा राहतो. कशेडी टॅप असो की हातखंबा टॅप (टॅप म्हणजे महामार्ग पोलिसांचं वाहतूक मदत केंद्र), त्याचं काम एकच: दुसऱ्याला त्याच्या गणपतीपर्यंत वेळेत पोचवणं.

बहुतेक पोलीस भरती जिल्हावार होते. त्यामुळे हा हवालदार बाहेरचा नसतो. त्याचं गाव खेड, चिपळूण, संगमेश्वर, लांजा, असं कुठेतरी जवळच असतं. तिथे त्याच्या घरीही पाटावर गणपती आलेला असतो, आणि तो आणायला घरचा कर्ता म्हणून गेलेला असतो त्याचा बारावीतला मुलगा. गाडीतला चाकरमानी काच खाली करून म्हणतो, "साहेब, सोडा लवकर, घरी बाप्पा वाट बघतायत." हवालदार शिट्टी तोंडात धरून हात पुढे करतो. शिट्टीचा हा उपयोग पोलीस प्रशिक्षणात शिकवत नाहीत. ती तोंडात असली की माणसाला उत्तर द्यावं लागत नाही.

घरी त्याच्या नावाचा नैवेद्य झाकून ठेवलेला असतो. मोबाइल आल्यापासून आरती दिसते तरी. परंतु आरतीच्या ऐन वेळी भोस्ते घाटात ट्रक बंद पडतो, त्यामुळे देवाला ओवाळताना बायकोला पलीकडून ऐकू येतं ते "ए, बाजूला घे, बाजूला घे ती!" देव सवयीने समजून घेत असावा. सासूबाई मात्र विचारतात, "कोणाला म्हणतोय गो हा?"

गौरी जातात, पाच दिवसांचे गणपती जातात. विसर्जनाला भाट्याच्या आणि मांडवीच्या किनाऱ्यावर, नदीच्या घाटांवर पुन्हा तोच हवालदार. इतरांच्या गणपतीला तो पाण्यात जपून उतरवतो, लहान मुलांना मागे खेचतो, 'पुढच्या वर्षी लवकर या' हे दिवसभरात इतक्यांदा ऐकतो की पुढच्या वर्षीच्या बंदोबस्ताची तारीखच कोणी ओरडून सांगतंय असं त्याला वाटायला लागतं. शिमग्यात पालख्या नाचतात तेव्हाही तसंच. मानावरून गावकीत वाद झाला तर मध्यस्थीला पोलीस हवा. पालखी त्याच्या स्वतःच्या दारात जाते तेव्हा खणा-नारळाची ओटी भरायला मात्र घरात बायकाच. २०२० च्या कोरोनात तर हे टोकाला गेलं. चाकरमान्यांना कोकणात यायला ई-पास लागत होता, आणि तो कशेडीला तपासणाऱ्या माणसाने स्वतः घरी जायचं टाळलेलं होतं. जुलै २०२१ मध्ये चिपळूण बुडालं तेव्हा इतरांची घरं रिकामी करायला उतरलेल्या पोलिसांना आपल्या घराची चौकशी फोनवर करायची होती, आणि फोन लागत नव्हते.

महाराष्ट्राला पोलिसाची ही बाजू दिसत नाही असं नाही. फक्त ती सिनेमात आणावी लागते. दादा कोंडके यांच्या 'पांडू हवालदार'ने १९७५ मध्ये हवालदाराला लोकप्रिय केलं. त्याचा परिणाम असा, की पुढची पन्नास वर्षं प्रत्येक हवालदाराचं नाव पांडू झालं. खरं नाव विचारायची तसदी कोणी घेतली नाही.

अलीकडे इन्स्पेक्टर मधुकर झेंडे यांच्यावर चित्रपट आला. चिन्मय मांडलेकर यांचं दिग्दर्शन, मनोज बाजपेयी झेंड्यांच्या भूमिकेत, साल २०२५. झेंडे यांनी कुख्यात गुन्हेगार चार्ल्स शोभराजला दोनदा पकडलं: एकदा १९७१ मध्ये मुंबईत आणि एकदा ६ एप्रिल १९८६ रोजी गोव्यात, पर्वरीच्या 'ओ कोकेरो' या खाणावळीत. दुसऱ्या वेळी तो दिल्लीच्या तिहार तुरुंगातून पळाला होता, तो कसा? वाढदिवस असल्याचं सांगून पहारेकऱ्यांना गुंगीचं औषध घातलेली मिठाई वाटून. इथे थोडं थांबायला हवं. आपल्या पोरांच्या वाढदिवसाला घरी केक कापला जात असताना नेहमी कामावर असलेली ही माणसं. एक वाढदिवस ड्युटीतच साजरा होतोय म्हटल्यावर त्यांनी तुकडा तोंडात टाकला, तर त्यांना फार बोलता येत नाही. चौकशी समितीला हा मुद्दा सुचला नसणार.

झेंडे यांची गोष्ट पोलिसांच्या बायकांना जास्त पटेल. जगभरचे पोलीस ज्याच्या मागावर, त्याला पकडायला साध्या कपड्यांतली मुंबईची माणसं खाणावळीत जाऊन बसली, संधी मिळताच झेंड्यांनी झडप घातली, आणि बांधायला बेड्या नव्हत्या म्हणून खाणावळीतून दोरी मागून घेतली. घर चालवणाऱ्या माणसाला यात नवल वाटत नाही. हाताशी नाही ते शेजारून आणायचं आणि काम भागवायचं, याच तत्त्वावर पोलीस लाइनीतला प्रत्येक संसार चालतो. त्या खाणावळीत शोभराज बसलेला असावा असा त्याचा पुतळा मांडून ठेवला आहे आणि पर्यटक त्याच्याशेजारी बसून फोटो काढतात. पकडलेल्याची खुर्ची कायम झाली; पकडणारे त्याला घेऊन मुंबईच्या वाटेला लागले, कारण दुसऱ्या दिवशी कामावर हजर व्हायचं होतं.

हे सगळं बदलू शकतं का, हा प्रश्न एका शिपायाने खरोखर सोडवून दाखवला होता. मुंबईच्या देवनार पोलीस ठाण्यातले रवींद्र पाटील. पोलिसाला बारा-बारा तासांऐवजी आठ तासांची ड्युटी देता येते, आणि त्यासाठी माणसं कशी फिरवायची, याची मांडणी त्यांनी स्वतः करून पोलीस आयुक्त दत्तात्रय पडसलगीकर यांच्यापुढे ठेवली. आयुक्तांनी ती फायलीत न ठेवता मे २०१६ मध्ये देवनारलाच करून पाहिली. पुढे ती मुंबईतल्या इतर ठाण्यांतही नेली. कोरोना आला आणि घडी पुन्हा विस्कटली. त्यानंतर महिला पोलिसांसाठी आठ तासांची घोषणा झाली, बंदोबस्त आला की तिला अपवाद झाले, आणि कोकणात बंदोबस्त नसलेला महिना शोधायला पंचांगच हवं.

आठ तासांत घरी परतलेल्या पोलिसाला पहिले काही दिवस घरच्यांनी काय म्हटलं असेल, याचा अंदाज करणं अवघड नाही. एवढ्या लवकर कसे आलात, निलंबित तर नाही ना केलं? मुलांनी टीव्हीचा आवाज कमी केला असेल. त्याने स्वयंपाकघरात डोकावून दोन सूचना केल्या असतील आणि संसार त्याच्यावाचून बरा चालला होता, हे त्याच्या लक्षात आणून दिलं गेलं असेल. वत्सल व्हायलाही सराव लागतो, आणि त्याला तो करायला शासनाने इतकी वर्षं वेळ दिलेला नव्हता.

पाटलांची मांडणी कागदावर आजही तयार आहे. मनुष्यबळ कमी आहे, हे तिच्याविरुद्धचं एकमेव उत्तर आहे, आणि ते उत्तर भरतीने सुटणारं आहे. थिबाच्या एका बिऱ्हाडासाठी सरकारला तीस वर्षं माणसं पुरवता आली होती.

तोवर वाचकांना एक विनंती. येत्या चतुर्थीला हातखंब्याला पोलिसाने गाडी थांबवली तर काच खाली करा, कागद दाखवा, पट्टा लावा आणि पुढे जा. अमुक साहेब आपले कोण लागतात, ते त्याला ऐकवू नका. मोदकही देऊ करू नका. ड्युटीवर अनोळखी माणसाची मिठाई खाऊ नये, एवढं तिहारपासून खात्याला कळलं आहे. तो डबा घेऊन आपल्या गावातल्या पोलिसाच्या घरी जा, आरतीला उभे राहा आणि सासूबाईंना सांगा, तो ट्रकवाल्याला म्हणत होता.